घोड्याचा उचललेला पाय

शटल गल्लीच्या टोकाला मक्लर्गांचं घर होतं, आणि त्या घराच्या बिनखिडकीच्या बाजूच्या भिंतीवर आम्हां प्रॉटेस्टंटांचा बिली राजा पांढऱ्या घोड्यावरून बॉइन नदी ओलांडत असे. ओलांडत असे, असंच म्हणायचं. ओलांडली, असं आमच्या गल्लीत कोणी म्हणत नसे. पुस्तकांना विचाराल तर त्यानं नदी कधीच पार केली, लढाई जिंकली, आणि पुढे घोड्यावरून पडून मेलाही. पण पुस्तकं काय, बेलफास्टच्या बाहेरही छापतात. आमच्या भिंतीवर तो घोड्याच्या पोटापर्यंत पाण्यात होता, तलवार पुढे रोखलेली, लांब केस खांद्यावर, आणि घोड्याचा पुढचा उजवा पाय पाण्याबाहेर उचललेला. तो पाय आणि अलीकडचा काठ यांच्यात वीतभर अंतर होतं. दर वर्षी जुलै लागला की भिंत नव्यानं रंगवायची, अकरा तारखेच्या संध्याकाळी पडदा ओढून स्तोत्र म्हणायचं, बाराला, लढाई जिंकल्याच्या सणाला, नारिंगी पट्टे गळ्यात घालून ढोल बडवत मैदानावर जायचं. हे जसं ठरलेलं होतं, तसं ते वीतभर अंतरही ठरलेलं होतं.

रंग गोदीतून यायचा. गोदीला न विचारता यायचा. एका वर्षी जहाजाच्या धुराड्याचा पिवळा रंग जरा जास्त हाताला लागला, तर राजाच्या अंगरख्यापासून माझ्या संडासाच्या दारापर्यंत सगळी गल्ली कावीळ झाल्यासारखी दिसत होती.

राजाच्या मागे त्याची फौज पाण्यात उभी होती, आणि ती फौज आमची होती. पहिल्या मोठ्या लढाईत गल्लीतली पोरं फ्रान्सच्या चिखलात गेली. त्यांची थडगी कुठे आहेत ते कोणालाच धड ठाऊक नव्हतं, म्हणून कोणीतरी त्यांचे चेहरे राजाच्या शिपायांना दिले. मग रिवाजच पडला. जो घरापासून लांब मेला, ज्याची पेटी गल्लीत आली नाही, तो भिंतीवर चढायचा. म्हाताऱ्या बायका बाजाराला जाताना भिंतीपाशी थांबून आपापल्या मुलाशी दोन शब्द बोलायच्या, बटाटे महागल्याचं सांगायच्या. लॉजचा, म्हणजे आमच्या नारिंगी पट्टेवाल्या मंडळाचा, प्रमुख अलेक गिल्पिन, हा दांडगा, लाल मानेचा माणूस, येता-जाता हॅटला बोट लावायचा. लोक समजत राजाला सलाम करतो. राजाला नव्हे. राजाच्या घोड्यामागे त्याचा मुलगा सेड्रिक उभा होता, तो दुसऱ्या मोठ्या लढाईत इटलीत पडला होता.

भिंत रंगवायचं काम मक्लर्गांकडे. म्हातारा मक्लर्ग शेवटी शेवटी शिडीच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसायचा आणि वर त्याची मुलगी हेस्टर कुंचला चालवायची, पण लॉजच्या लेखी भिंत म्हातारा रंगवत होता, कारण बाईमाणसानं राजाला हात लावायची पद्धत नव्हती. म्हातारा मरताना तिला एवढंच म्हणाला, की घोड्याचा पाय टेकवू नकोस. का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, त्याला त्याच्या बापानं सांगितलं होतं. यापलीकडे आमच्याकडे कशाचंच कारण कोणी देत नाही.

हे मला हेस्टरनं सांगितलं. ती पुढे माझी बायको झाली आणि ती कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलायचं खातं घरात माझ्याकडे आहे.

हेस्टरला एक भाऊ होता, वेस्ली. मालबोटीवर कोळसा ओढायच्या कामाला. त्याची बोट न्यूफाउंडलंडच्या पुढे बर्फात गेली ती गेलीच. कंपनीची तार आली, पाद्री येऊन बसला, शेजारणींनी डब्यातून खिमा आणि सोडा ब्रेड आणला. जुलैत हेस्टरनं स्वतःच्या हातानं भावाला भिंतीवर चढवलं. सगळ्यात मागच्या रांगेत, कमरेइतक्या पाण्यात. तिनं त्याचा डावा कानही काढला, मास्तरांनी ओढून ओढून बाहेर आणलेला. हनुवटीची खळी काढली. बाकीची फौज पत्त्यातल्या गुलामांसारखी दिसायची. हा एकटा असा उतरला होता की सकाळी खिडकीतून समोर पाहिलं तर मी नकळत हात हलवायचो.

पुढच्या वसंतात वेस्ली घरी आला.

बोट सुटली तेव्हा हा गृहस्थ हॅलिफॅक्सच्या कोठडीत होता. बोटीवरच्या आचाऱ्याच्या डोक्यात त्यानं कढई घातली होती. बोट बुडाल्याचं त्याला ठाऊक नव्हतं, बाहेर आल्यावर तो जंगलात लाकडं तोडायला गेला, आणि पत्र लिहिणं त्याच्या स्वभावात नव्हतं. भर दुपारी तो शीळ घालत गल्लीत शिरला. मी समोरच्या पायरीवर बूट पुसत बसलो होतो. त्यानं आपल्या घराचं दार ठोठावलं, ते मी पाहिलं. पण आवाज दारातून आला नाही. आवाज भिंतीतून आला, कोणी आतल्या बाजूनं विटांवर मूठ मारावी तसा. हेस्टर स्वैपाकघरातून मागच्या दारानं निघाली ती पुढे न येता बाजूच्या भिंतीकडे धावली, आणि मग वळून तिनं भाऊ पाहिला.

त्या दिवशीचं रडणं-हसणं सांगत नाही. वेस्लीनं भिंत पाहिली आणि बहिणीला विचारलं, मला इतका बुटका का काढलास. ती म्हणाली, पाण्यात उभा आहेस म्हणून. आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा हसू येत होतं.

सुरुवातीला लहान गोष्टी होत्या. वेस्ली रात्री बूट शेगडीपाशी ठेवायचा आणि सकाळी त्यांच्याखाली पाण्याचं थारोळं असायचं. छप्पर गळतंय, तो म्हणाला. छप्पर गळलं तर त्यात हिरवं शेवाळ कुठून येतं, हे मी विचारलं नाही. माझा कुत्रा गल्लीत आलेल्या प्रत्येक पुरुषावर भुंकायचा, पाद्र्यावरसुद्धा. वेस्ली शेजारून गेला तरी तो कान हलवेना. भिंतीसमोर मात्र शेपूट पायात घालून गुरगुरायचा. वेस्लीशी हात मिळवला की हाताला ओल लागायची, आणि नंतर तळव्यावर चुन्याची पांढरी भुकटी दिसायची.

आणि शेजारणी. मुद्दाम करत असत्या तर बरं होतं. दुकानात वेस्ली शेजारी उभा असताना त्या हेस्टरला म्हणायच्या, वेस्लीला जाड कापलेलं बेकन आवडायचं, नाही का ग. गुणी मुलगा होता. वेस्ली म्हणायचा, बाई, मी इथे आहे. त्या ऐकल्यासारखं करायच्या, जरा थांबायच्या, आणि मग म्हणायच्या, त्याचा आवाजही गोड होता.

एका सकाळी कोळशाच्या गाडीचा दांडा भिंतीला घासला आणि रंगवलेल्या वेस्लीच्या खांद्यावर लांब ओरखडा उठला. मी खिडकीतून पाहिलं आणि गाडीवाल्याला शिव्या दिल्या. मग समोरच्या दारातून वेस्ली बाहेर आला, सदरा खांद्यापासून रक्तानं भिजलेला. त्यानं आधी आपल्या खांद्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. त्याचा चेहरा तोवर उन्हात ठेवलेल्या कागदासारखा झाला होता, आणि भिंतीवरचा वेस्ली, दिवसेंदिवस, चांगला गालावर लाली आल्यासारखा दिसत होता.

"आर्ची," तो मला म्हणाला, "डोळे मिटले की मला पाण्याचा आवाज येतो. आणि माझ्या पुढे एक घोडा उभा असतो, लेका. त्याची ओली शेपटी माझ्या तोंडावर आपटते."

"मग मागे सरक."

"मागे जागा नाही. मागे कोणीतरी उभं आहे."

हेस्टरनं त्याला सगळ्यात मागच्या रांगेत काढलं होतं. त्याच्या मागे भिंतीवर कोणी नव्हतं.

लॉजची सभा भरली. बाईनं सभागृहात यायचं नाही, म्हणून हेस्टर दारात उभी राहिली, आणि मी मधे उभा राहून तिचं बोलणं आत नि आतलं बाहेर पोचवत होतो, जरी दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं. तिचं मागणं साधं होतं. भाऊ जिवंत आहे, तर त्याला भिंतीवरून उतरवू द्या. सगळे गिल्पिनकडे पाहू लागले. गिल्पिननं हॅट मांडीवर घेतली आणि सावकाश बोलायला लागला. भिंतीवर चढलेला माणूस आजवर उतरलेला नाही. आज एक शिपाई काढला, उद्या कोणी म्हणेल घोडा काढा, परवा म्हणतील नदी तरी कशाला. आणि पलीकडच्या रस्त्यावरचे पोपवाले कॅथलिक काय म्हणतील? म्हणतील, शटल गल्लीनं एक माणूस मागे घेतला. आजवर आपण एक इंचही मागे घेतलेलं नाही, मग माणूस कसा घ्यायचा. वेस्ली स्वतः मागच्या बाकावर बसला होता. लॉजमधल्या एका बंधूनं उठून ठराव मांडला की दिवंगत वेस्ली मक्लर्ग यांच्याविषयी सभेला पूर्ण आदर आहे. वेस्लीनंही हात वर केला. मतं मोजली तेव्हा त्याचा हात मोजला गेला नाही.

तेव्हा हेस्टरनं मला बाजूला सारलं आणि उंबऱ्यावरूनच बोलली.

"गिल्पिनकाका, पुसत नाही. त्याला नुसतं पाण्यातून काठावर आणते. तेवढं तरी करू द्या."

"राजाच्या आधी?" गिल्पिन म्हणाला. "शिपाई राजाच्या पुढे जात नाही, पोरी. मिरवणुकीत नाही, आणि भिंतीवरही नाही."

"आणि राजा आधी उतरला तर?"

सभेत हशा पिकला. गिल्पिनही हसला, पण डोळ्यांनी नाही. "तो उतरला तर मग आपण सगळेच सुटलो की," तो म्हणाला, आणि हातोडा आपटला.

माणूस दगडाचा नव्हता तो. सेड्रिक भिंतीवर होता. भिंतीवरून माणूस उतरतो म्हटलं, तर मग तो पुसलाही जातो.

हेस्टर तेव्हाही आजच्यासारखीच, म्हणजे ऐकणारी नव्हे. दुसऱ्याच दिवशी, पुरुष गोदीत असताना, तिनं शिडी लावली. नदीचा करडा-हिरवा रंग कालवला आणि भावाला झाकून टाकलं. खांदे, कान, खळी, सगळ्यावर पाणी. तिला वाटलं सुटला. आत स्वैपाकघरात वेस्ली बटाट्याची भाकरी खात बसला होता. तिला आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला. वेस्ली जमिनीवर होता, तोंडानं आणि नाकानं पाणी येत होतं, नळाचं नव्हे, गढूळ, थंडगार, नदीचं पाणी. त्यात एक बोटभर मासा होता, असं हेस्टर म्हणते. मला विचाराल तर दोन होते. ती धावत बाहेर गेली, टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवलं आणि आधी त्याचं तोंड पुसून मोकळं केलं. पाण्याच्या रंगाखालून त्याचे डोळे वर पाहत होते. तसे तिनं ते काढलेच नव्हते. तिनं काढलेले डोळे समोर, राजाच्या पाठीकडे पाहत होते.

आतून वेस्लीनं श्वास घेतल्याचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला म्हणतात.

त्यानंतर वेस्ली अंथरुणाला खिळला. खोलीला चिखलाचा वास यायचा. चहा त्याच्या हातात दिला की कपातच गार व्हायचा. जुलै आला, भिंतीपुढे बांबू बांधले, वरून शिडाचं कापड सोडलं, कारण पडदा सरकेपर्यंत राजाला कोणी पाहायचं नसतं. मी हेस्टरला पांढऱ्या रंगाचे डबे नेऊन दिले. ती शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसली होती, कुंचला कोरडाच.

"बाबा म्हणाले पाय टेकवू नकोस," ती म्हणाली. "का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आता कारण न सांगता कोणी माझा भाऊ मागत असेल, तर मी देणार नाही, आर्ची. राजालाही नाही."

मी डब्याचं झाकण उघडून दिलं.

अकरा तारखेची संध्याकाळ आमच्याकडे लांबलचक असते, ऊन जायचं नावच घेत नाही. पदपथाचे दगड लाल-पांढरे-निळे रंगवलेले, तारांवर पताका, मोकळ्या जागेवर रात्रीच्या शेकोटीसाठी टायर नि फळ्यांचा डोंगर रचलेला. सगळी गल्ली भिंतीसमोर जमली. वेस्लीला आम्ही खुर्चीत बसवून उचलून आणलं. गिल्पिननं स्तोत्र सुरू केलं, मी ढोलाला काठी लावली, आणि त्यानं दोरी ओढली.

आधी सगळ्यांना दिसला तो वेस्ली. तो काठावर बसला होता, गवतात, पाय पसरून, एक मोजा पिळत. त्याच्या फौजी डगल्यातून धारा गळत होत्या, आणि तोंडावर असा भाव होता की बुवा, आता कोणीतरी चहा ठेवा. दोन-चार बायका खुदकन हसल्या. कुणीतरी म्हणालं, अगदी वेस्ली, आळशी मेला. आणि स्तोत्र अर्ध्यावर थांबलं, कारण गिल्पिन गात नव्हता. तो वेस्लीकडे पाहतच नव्हता. तो घोड्याच्या पायाकडे पाहत होता. खूर गवतात टेकला होता, आणि त्याच्याखाली गवत वाकलं होतं.

वारा नव्हता. तरी आमच्यावरून एक वास गेला, ओल्या चिखलाचा आणि घोड्याच्या घामाचा, एखादं मोठं जनावर अंगाला घासून जावं तसा. बायकांनी हॅट धरल्या. आणि त्याच क्षणी वेस्ली शिंकला. अशी सणसणीत, जिवंत माणसाची शिंक की माझा कुत्रा दचकून उठला आणि त्याच्यावर भुंकायला लागला. भुंकत राहिला. वेस्लीच्या डोळ्यांत पाणी आलं. "भुंक रे, बाबा," तो म्हणाला, "भुंक." शेजारची म्हातारी वळून म्हणाली, थंडी वाजतेय का रे तुला, वेस्ली. त्याच्या तोंडावर म्हणाली. वर्तमानकाळात.

गिल्पिन गुपचूप माझ्याजवळ आला. त्याच्या लाल मानेला पांढरे चट्टे पडले होते. रंग ओला आहे, तो म्हणाला, उद्या बारा तारीख, आता हात लावता येणार नाही, परवा बघू. मग हेस्टरकडे न पाहता म्हणाला, गवत चांगलं काढलंय.

बाराला गल्ली रिकामी झाली. आमच्याकडे बाराला घरी कोण राहतं? आजारी माणूस राहतो, नाहीतर पलीकडचा. वेस्लीला पडसं झालं होतं, साधं, जिवंत पडसं, आणि हेस्टर त्याच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवून मागे थांबली. पुढचं तिनं पाहिलं आणि मी ढोल वाजवत मैदानाच्या अर्ध्या वाटेवर होतो, त्यामुळे जसं ऐकलं तसं सांगतो. एक शब्द पदरचा घालत नाही. मासे वेगळे.

दुपार होती, डांबर मऊ व्हावं असं ऊन. आधी तिला पाणी वाहिल्याचं ऐकू आलं. मग टापा. तिनं खिडकीचा जाळीचा पडदा बोटभर सरकवला. पांढरा घोडा गल्लीच्या मधोमध उभा होता, राजा वर, तलवार हातात, आणि तो डावीकडे-उजवीकडे पाहत होता, चुकीच्या थांब्यावर उतरलेल्या माणसासारखा. इतकी वर्षं नदी ओलांडणाऱ्याला पलीकडे जाऊन काय करायचं ते कोणी सांगितलंच नव्हतं.

त्याच्या मागून पोरं आली. सगळी तरुण. पत्त्यातल्या गुलामांसारखी नाही, खरी. डगले ठिबकत होते. ती रांगेनं आली आणि मग रांग मोडली, आणि प्रत्येकजण आपापल्या दाराकडे गेला. कोणाला दार शोधावं लागलं नाही. त्यांनी दारं ठोठावली.

दारांना कुलपं नव्हती. आमच्या गल्लीत कुलूप कोण लावतो, कडीसुद्धा नसते. पण आमच्याकडे दार उघडं असलं तरी आतून ये म्हटल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. ते वळण आया लावतात, आणि ती पोरं मोठ्या लढाईतून आणि नदीतून आली तरी आयांनी लावलेलं वळण विसरली नव्हती. ती ठोठावत होती आणि वाट पाहत होती. आत कोणी नव्हतं. आया, बाप, भाऊ, सगळे मैदानावर, त्यांच्याच नावानं स्तोत्रं म्हणत.

हेस्टरनं आपलं दार उघडलं. तिच्या पायरीवर कोणी आलं नव्हतं, तिचा भाऊ तर आत शिंकत होता. तिला वाटलं हाक मारावी, या रे आत, सगळेच या. पण दुसऱ्याच्या घरात ये म्हणायचा हक्क तिचा नव्हता, आणि हे तिलाही आईनंच शिकवलं होतं. तिनं सेड्रिक गिल्पिनला पाहिलं. बाकीच्यांनी ठोठावणं सोडलं तरी तो ठोठावत होता, जोरात नाही, घरात कोणी झोपलंय असं समजून ठोठावावं तसं. मग लांबून ढोल ऐकू आले. आमचेच, परत निघालेले. राजानं घोडा वळवला, पोरं त्याच्या मागे झाली, आणि ती सगळी टेकडीच्या दिशेनं गेली.

आम्ही परतलो तेव्हा ऊन तसंच होतं, आणि त्या उन्हात, जिथे थेंब टिकायचा नाही, काही दारांपुढे दोन-दोन ओली पावलं होती. चवडे दाराकडे. सगळ्या दारांपुढे नाही. कोणत्या, ते मी सांगायला नको. पहिली म्हातारी म्हणाली, कोणी बादली सांडली. दुसरी आपल्या पायरीवर गुडघे टेकून बसली आणि तिनं एका पावलाला हात लावला, मग एप्रनला न पुसता तो हात तसाच धरून राहिली. गिल्पिनच्या दारापुढची पावलं सगळ्यात ओली होती. बराच वेळ उभं राहिल्याशिवाय दगड तेवढा भिजत नाही. गिल्पिन पट्टा गळ्यात, हॅट हातात घेऊन त्यांच्याकडे पाहत राहिला. हेस्टरनं जाऊन त्याला सेड्रिकविषयी दोन वाक्यं सांगितली. रात्र पडेपर्यंत तो बाहेरच उभा राहिला, कारण आत जायचं तर पावलांवर पाय पडला असता.

भिंतीवर नदी होती, काठ होता, वाकलेलं गवत होतं. गवतात एक मोजा होता.

राजाचं काय झालं म्हणाल, तर पलीकडच्या रस्त्यावरच्या धर्मगुरूच्या बागेत खुरांचे ठसे उमटले आणि कोबीचा अख्खा वाफा फस्त झाला. त्या माणसानं गुपचूप निरोप धाडला, की जनावर तुमचं असेल तर घेऊन जा, आम्ही कोणाला सांगत नाही. आम्हीही सांगितलं नाही. त्याच्याकडे कोबी मात्र आम्ही पाठवला, रात्री, पोत्यात, बिनचिठ्ठीचा.

पुढच्या जुलैत सभा भरली. कोणीतरी विचारलं, राजाला नव्यानं काढायचं का. गिल्पिन म्हणाला, काढायचं काय त्यात, आहे की तो. सगळ्यांनी भिंत आठवली आणि सगळ्यांनी मान डोलावली. इंचही मागे घ्यायचा नाही तो नाहीच. तेव्हापासून दर वर्षी शिडाचं कापड चढतं, हेस्टर आतल्या आत बसून नदीला एक हात मारते, अकराला दोरी ओढतात, आम्ही रिकाम्या पाण्यापुढे हॅट काढतो आणि स्तोत्र म्हणतो. परगावचे पाहुणे विचारतात, राजा कुठे आहे. आम्ही म्हणतो, दिसत नाही का. त्यांना दिसत नाही म्हणजे त्यांचंच काहीतरी चुकतंय.

वेस्लीला टक्कल पडलं, पोट सुटलं, तीन पोरं झाली, आणि बाराच्या मिरवणुकीत तो सगळ्यांत मागे राहून बिअर पितो. त्यानं पुन्हा समुद्राचं नाव काढलं नाही. आंघोळीचंही फारसं नाही.

राजा गेला त्याच्या पुढच्याच बाराला मात्र लॉजचा प्रमुख मिरवणुकीत नव्हता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. आम्ही निघालो तेव्हा गिल्पिन दारात खुर्ची टाकून बसला होता, पट्टा घातलेला, पाठीमागे दार सताड उघडं, मांडीवर स्वच्छ टॉवेल आणि लोकरीचे कोरडे मोजे. माझा पाय मुरगळल्याचं मी निमित्त केलं आणि खिडकीत बसलो. दिवसभर गल्लीत जे काही हललं त्याला तो हाक मारत होता. मांजर गेलं. पावाची गाडी गेली, तिच्यावर पलीकडचा पोरगा होता. एकदा तर नुसती पताका फडफडली.

"ये रे," तो म्हणायचा. "आत ये. दार उघडंच आहे."

पावाच्या गाडीवरचा तो पोपवाल्यांचा पोरगा बिचारा घाबरत आत गेला, चहा पिऊन बाहेर आला.

संध्याकाळी ढोल जवळ आले तेव्हा गिल्पिन खुर्चीतच डोळे मिटून बसला होता, आणि मला वाटलं, गेला. तेवढ्यात तो घोरला. मांडीवरचा टॉवेल चिंब होता. शेजारीण म्हणाली, दिवसभर डोळे पुसत बसला असेल, दुसरं काय. असेलही. मोजे मात्र तिथे नव्हते.

आता बाराला आमच्या गल्लीत प्रत्येक घरी एकजण मागे राहतो. दार उघडं, उंबऱ्याशी टॉवेल. का, असं नव्या सुना विचारतात. आम्ही सांगतो, आधीपासून असंच आहे.